इंजिन उतरवलंच आहे, तर…

मंडळी, गेल्या वेळी घरच्या इन्व्हर्टरबद्दल लिहिलं होतं. त्यावर दोघातिघांनी विचारलं की गाडीवर कधी लिहिणार. आमच्या घरी गाडीचंच काम निघालं होतं, त्यामुळे या वेळी विषय शोधावा लागला नाही.

गाडी म्हणजे मारुती ओम्नी. १९९९ची, कार्बोरेटरवाली, एकेकाळी पांढरी. तुमच्यापैकी जे वीस-पंचवीसचे आहेत त्यांना ती हिंदी सिनेमातल्या अपहरणाची गाडी म्हणून माहीत असेल. सरकता दरवाजा उघडतो, आतून दोन हात येतात आणि हिरोची बहीण गायब होते. आमच्या घरात त्या दरवाजाचा उपयोग वेगळा आहे. आजीचे गुडघे गेलेत. नव्या गाडीत बसायचं तर तिला आधी खाली वाकावं लागतं, मग पाय उचलून आत घ्यावा लागतो, आणि दोन्ही गोष्टी तिला जमत नाहीत. ओम्नीत ती सरळ उभ्याने दांडी धरते आणि सीटवर टेकते. म्हणून 'विकून टाका की हो' असं सांगणाऱ्या नातेवाइकांना आम्ही चहा देतो आणि विषय बदलतो.

ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९मध्ये ती बंद झाली. इतकी वर्षं आत एकच साधं इंजिन राहिलं: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, मारुती ८००मध्ये होतं त्याच घराण्यातलं. फरक जागेचा. ८००मध्ये ते बॉनेटखाली आडवं बसतं. ओम्नीला बॉनेटच नाही, त्यामुळे ते पुढच्या दोन सीटांच्या खाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलंय. त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून लांब दांडा मागच्या चाकांपर्यंत. आजच्या गोष्टीसाठी एवढा भूगोल लक्षात ठेवा, कारण इंजिनात जे काही होतं ते थेट तुमच्या बुडाखाली होतं.

आमच्याकडे दोन गोष्टी एकदम झाल्या. गाडी गरम झाली की आत जळक्या तेलाचा वास यायला लागला. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, खाली कोण भजी तळतंय?" आम्ही हसलो, पण वास खरा होता. ऑइल कुठूनतरी ओघळून तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडत होतं आणि त्याचा धूर सीटखालच्या झाकणाच्या फटींतून वर येत होता. आणि दुसरी गोष्ट, गोव्याहून येताना चोर्ला घाटात केरीहून वर चढताना इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र रेंगाळायची. क्लच सटकत होता. मागे गाडीभर माणसं, बाहेर पाऊस, रस्त्याला वळणं. त्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर स्वतःहून म्हणाले, "गणपतीच्या आधी हे बघायला पाहिजे." गणपतीला आम्ही सगळे जांबोटीजवळ गावी जातो आणि आजीला तिथे नेणारी हीच एक गाडी आहे. हातात पाच आठवडे होते.

पहिल्या गॅरेजात (नाव राहू दे) गाडी खालून बघितली आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "इंजिन बांधायला लागतंय. अडतीस हजार." का, तर गाडी ऑइल खाते.

इथे जरा थांबतो, कारण जुन्या गाडीवर सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. ऑइल 'खाणं' आणि ऑइल 'गळणं' हे दोन वेगळे आजार आहेत. खातं तेव्हा ऑइल पिस्टनच्या रिंगांना किंवा व्हॉल्व्हच्या सीलांना चुकवून आत जळतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, प्लग काळे आणि ओलसर निघतात. गळतं तेव्हा ते बाहेर जातं, जमिनीवर डाग पडतात आणि इंजिनावर चिकट काळा थर बसतो. दोन्हींत डिपस्टिकवरची खूण खालीच जाते. पण पहिल्याला इंजिन उघडावं लागतं, तर दुसऱ्याला बहुतेक वेळा शे-दोनशेचं रबर पुरतं.

आमचा धूर निळा नव्हता. तरी खात्री पाहिजे म्हणून कॉम्प्रेशन मोजलं. तिन्ही प्लग काढायचे, एका भोकात गेज लावायचा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. आकडे आले १२.५, १२ आणि १२ किलो. वयाच्या मानाने चांगले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिन्ही एकमेकांच्या जवळ. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार खाली असता तर काळजी होती. म्हणजे इंजिनाचं पोट चांगलं होतं. अडतीस हजारांचा प्रश्न तिथेच मिटला.

मग गाडी नेली उद्यमबागच्या बाजूला, बाबांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे. बाबांनी उभी नोकरी फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये केली, त्यामुळे त्या भागातला प्रत्येक लेथवाला त्यांना 'अण्णा' म्हणतो. मिस्त्रींनी गाडीखाली बघितलंच नाही. आधी म्हणाले, "धुऊन आणा. एवढ्या घाणीत तेल कुठनं येऊलालंय ते देवाला तरी कळंल काय?"

मला हे फार पटलं. आमच्या धंद्यातही सर्व्हर कोसळला की माणसं आधी दुरुस्ती सुचवतात आणि लॉग नंतर वाचतात.

इंजिन डिझेल आणि ब्रशने धुतलं, पाण्याने नाही. डिस्ट्रिब्युटर आणि वायरिंगवर प्लास्टिक बांधलं. वाळल्यावर संशयाच्या सगळ्या जागांवर आजीच्या डब्यातली टाल्कम पावडर उडवली. पावडरीवर तेलाची पहिली रेघ स्पष्ट उमटते. मग गाडी खानापूर रस्त्याला पंधरा किलोमीटर फिरवून आणली आणि सीट काढून बॅटरीने बघितलं. इथला नियम साधा आहे: तेल खाली आणि मागे जातं, त्यामुळे ते जिथे टपकतं ती जागा बघायची नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

टपकत होतं ते गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाखालून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथून. तिथून टपकलं की दहातले नऊ जण म्हणतात, 'क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं.' क्लच सटकतोय म्हटल्यावर तर शंकाच नको, तेल क्लच प्लेटवर गेलं असणार. पण पावडर वेगळं सांगत होती. रेघ सुरू होत होती पार वर, हेडच्या मागच्या टोकाला. तिथे कॅमशाफ्टवर चालणारा डिस्ट्रिब्युटर बसतो आणि त्याच्या बुडाशी एक ओ-रिंग असते. ती सुकून कडक झाली की तेल हळूच बाहेर येतं, ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं आणि बरोबर त्या घंटेत जातं. चोर एक आणि नाव दुसऱ्याचं. ओ-रिंगची किंमत वीस रुपये.

दुसरी रेघ टॅपेट कव्हरच्या पॅकिंगची, सायलेन्सरच्या बाजूला. भजीचा वास तिचा.

मग इंजिन उतरवायचं कशाला, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. ओ-रिंग आणि टॅपेट कव्हर जागेवरच बदलता येतं. क्लचसाठी नुसता गिअरबॉक्स उतरवला तरी भागतं. पण ऑइल चेंबरचं पॅकिंगही ओलसर होतं, क्रँकचं पुढचं सील पुलीमागे घाम सोडत होतं, आणि इंजिन ज्या रबरांवर टेकतं त्यांतलं एक उभं चिरलं होतं. हे सगळं गाडीखाली पाठीवर झोपून, डोळ्यांत घाण घेत करायचं, की गिअरबॉक्स सुटलाच आहे तर आणखी चार बोल्ट काढून इंजिन खाली घ्यायचं? ओम्नीचं इंजिन वर उचलून निघत नाही, ते खाली उतरवावं लागतं. मिस्त्रींचा हिशेब असा होता की उतरवायला अर्धा दिवस लागतो, पण पुढचे दोन दिवस टेबलावर उभ्याने काम होतं.

ठरलं. दोन शनिवार-रविवार मीही हाताखाली राहणार होतो. (बायकोची परवानगी मिळाली. अट एकच, गॅरेजातले कपडे घरात आणायचे नाहीत.)

उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ती मिस्त्रींच्या हातची कला आहे. बॅटरी सोडवली, पाणी आणि ऑइल काढलं, केबली, नळ्या, मागचा दांडा, सायलेन्सर. प्रत्येक वायर सोडण्याआधी मी फोटो काढला आणि कागदी चिकटपट्टीवर आकडा लिहून दोन्ही टोकांना लावला. मिस्त्री हसले, पण जोडताना मलाच विचारत होते, "इंजिनेर, चौदा नंबर कुठं?" एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. लोखंडी घोड्या लावल्या, गाडी हलवून बघितली, मगच माणूस खाली गेला.

आणि इंजिन टेबलावर आल्यावर खरा प्रश्न सुरू झाला. त्याचं नाव 'तर'.

इंजिन उतरवलंच आहे, तर टायमिंग बेल्ट बदलूया. उतरवलंच आहे, तर पाण्याचा पंप. तर हेड उघडून व्हॉल्व्ह घासूया. तर रिंगा टाकूया. तर बेअरिंग बघूया. असं करत माणूस पाच हजारांवरून चाळीस हजारांवर जातो आणि त्याला वाटतं की आपण बचतच केली. सॉफ्टवेअरमधल्या मंडळींना हे रोजचं आहे. एक बटण बदलायला फाइल उघडली की दुपारपर्यंत अख्खं मॉड्यूल नव्याने लिहायला घेतलेलं असतं.

बाबांनी तिथेच खडूने टेबलावर एक रेघ ओढली. त्यांची कसोटी मला अजून आवडते: वस्तू स्वस्त आहे आणि तिच्यापर्यंत पोहोचायची मजुरी महाग आहे, तर आताच बदला. वस्तू चांगली चालतेय आणि तिच्यासाठी बंद असलेलं काही उघडावं लागतंय, तर हात लावू नका. रेघेच्या अलीकडे आली सगळी ऑइल सीलं, पॅकिंगं, टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, क्लचची प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलच्या मध्यभागी असलेलं छोटं बेअरिंग, रबरी नळ्या, माउंटिंगं, ऑइल प्रेशरचा स्विच. पाण्याच्या पंपाची दांडी हाताने हलवून बघितली तर किंचित खेळत होती, म्हणून तोही. आणि ब्लॉकच्या मागच्या अंगाला बसवलेली टोपणासारखी पत्र्याची गोल चकती, जी एरवी गिअरबॉक्सच्या आड दिसतच नाही. ती गंजून भोक पडलं की पाणी जातं आणि पुन्हा सगळं उतरवावं लागतं. आमच्या चकतीवर गंजाचे फोड होते. ती बदलली.

रेघेच्या पलीकडे: हेड, रिंगा, बेअरिंग. कॉम्प्रेशन चांगलं, आवाज चांगला, हेडच्या पॅकिंगला घाम नाही. मिस्त्रींना हेड उघडायचं होतं. "एकदा बघून घेऊया की अण्णा." बाबा म्हणाले, "नाही. बसलंय ते बसू दे." थोडी ताणाताणी झाली. मिस्त्रींचंही चूक नव्हतं, सहा महिन्यांनी हेड गेलं तर बोल त्यांनाच लागला असता. शेवटी बाबांनी कॉम्प्रेशनचे आकडे टेबलावर लिहून खाली आपली सही केली. मिस्त्री हसले आणि विषय संपला.

गिअरबॉक्स काढल्यावर क्लच बघितला. प्लेट झिजून रिव्हेटांपर्यंत आली होती, पण कोरडी होती. म्हणजे क्लच तेलाने सटकत नव्हता, वयाने सटकत होता. घंटेच्या आत जे तेल होतं ते फ्लायव्हीलच्या बाहेरून गेलेलं. क्रँकचं मागचं सील, ज्याच्यावर सगळ्यांनी आळ घेतला होता, ते अजून गळत नव्हतं. पण नखाने दाबलं तर प्लास्टिकसारखं टणक लागलं. रबराचं मऊपण गेलं की ते सील फक्त नावाचं उरतं. या वेळी निरपराध सुटलं असतं, पुढच्या वर्षी नक्की सापडलं असतं. दोनशेचं सील, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला अख्खा क्लच उतरवायचा, म्हणजे रेघेच्या अलीकडचंच.

ऑइल सील बसवणं हे दिसतं सोपं, पण सगळी गळती तिथे परत येते. सील म्हणजे रबराचा पातळ ओठ आणि त्याला मागून आवळून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. ओठ तेलाच्या बाजूला तोंड करून बसला पाहिजे. बसवण्याआधी ओठाला बोटाने ऑइल लावायचं, नाहीतर पहिल्या काही फेऱ्यांत तो कोरडा घासून जळतो. ठोकताना एका बाजूने ठोकायचं नाही. सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा ठेवून सरळ आत घ्यायचं. आणि जुन्या इंजिनात आणखी एक खोच असते. वर्षानुवर्षं एकाच जागी फिरून ओठाने लोखंडी शाफ्टवरच बारीक खाच पाडलेली असते. रबराने लोखंड झिजवलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. (खरं तर रबरात अडकलेली धूळ झिजवते.) नवं सील त्याच खाचेत बसवलं तर पहिल्या दिवसापासून गळतं. आमच्या पुढच्या टोकाला अशी खाच नखाला लागत होती. मिस्त्रींनी सील मिलिमीटरभर कमी आत बसवलं, म्हणजे ओठ खाचेच्या शेजारी गुळगुळीत जागेवर आला.

चेंबरची गोष्ट बाबांची. चेंबर म्हणजे इंजिनाच्या खालचं पत्र्याचं ताट, ज्यात ऑइल साठतं. ते गळायला लागलं की माणसं बोल्ट आवळतात. आणखी गळलं की आणखी आवळतात. पत्रा पातळ असतो, त्यामुळे प्रत्येक बोल्टाभोवती तो वर फुगतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट वाढते. आवळून गळती वाढते ती अशी. बाबांनी चेंबर जाड काचेवर पालथा ठेवला आणि कडेखालून कागदाचा तुकडा सरकवत गेले. सात ठिकाणी कागद आरपार गेला. मग लोखंडी ठोकळ्यावर धरून, लाकडी हातोडीने एकेक भोक हलकं ठोकत कड सपाट केली. तास-दीड तास लागला. पॅटर्न शॉपमध्ये चाळीस वर्षं सपाट म्हणजे काय हे बघितलेला माणूस हे काम करताना बघायला मिळाला, त्याचं मोल मी लावत नाही.

तिथे लावायचा सिलिकॉन गमही कमी हवा. जास्त लावला की जास्त घट्ट, ही समजूत चुकीची आहे. बाहेर जेवढा गम उसवून आलेला दिसतो, साधारण तेवढाच आतही आलेला असतो. तो वाळून सुटतो, ऑइलमध्ये पडतो आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. मग गळती बंद होते आणि इंजिनही. आमच्या जाळीवर जुन्या कुणाच्यातरी दुरुस्तीच्या गमाचे तीन केशरी तुकडे मिळाले. साधारण तीन मिलिमीटरची एकसारखी रेघ, बोल्टाच्या भोकाच्या आतल्या बाजूने, एवढं पुरतं. त्याआधी दोन्ही कडा पूर्ण कोरड्या आणि तेलमुक्त पाहिजेत.

बोल्ट आवळायला मी ऑफिसच्या बोनसमधून घेतलेला डिजिटल टॉर्क रेंच आणला होता. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. मिस्त्री म्हणाले, "ते खेळणं ठेवा बाजूला." त्यांनी साध्या पान्याने सहा बोल्ट आवळले, मी मागून मोजले. पाच बोल्ट ९ ते ११मध्ये. सहावा ८. त्यांनी तो सहावा मलाच आवळायला दिला, आणि पुढे फ्लायव्हीलचे बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा न बोलता हात पुढे केला. तिथे त्यांनी रेंचच वापरला.

आता ज्याच्यामुळे हे सगळं घडलं असावं ते. टॅपेट कव्हरवरून एक जाड रबरी नळी एअर फिल्टरकडे जाते. ती इंजिनाची श्वासनळी. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस नेहमीच खाली झिरपतो, अगदी नव्या इंजिनातही. त्याला बाहेर पडायला वाट पाहिजे. वाट बंद झाली की आत दाब वाढतो आणि तो जिथे सापडेल तिथून, म्हणजे सगळ्यात कमजोर सीलातून, तेलाला ढकलत बाहेर पडतो. आमची नळी काढली तर आतून ताकाच्या लोण्यासारख्या पिवळट चिकट्याने जवळजवळ भरलेली. याचं कारणही घरातच होतं. गेली काही वर्षं गाडी बहुतेक वेळा टिळकवाडीतून बाजारात आणि परत, दोन-तीन किलोमीटर. इंजिन नीट तापत नाही, आतली वाफ बाहेर जात नाही, पाणी आणि तेल मिसळून हा लगदा होतो. आम्ही सगळी सीलं बदलली असती आणि ही नळी तशीच ठेवली असती, तर वर्षभरात पुन्हा तिथेच आलो असतो.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर हे पाच मिनिटांत तपासता येतं. इंजिन गरम असताना संथ चालू ठेवा, ऑइल टाकायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा पसरून धरा. मोजा किंचित आत ओढला गेला किंवा नुसता थरथरला तर ठीक. फुग्यासारखा उभा राहिला तर आधी श्वासनळी साफ करा. ती साफ असूनही फुगतोय तर मग रिंगांकडे बघायला हरकत नाही. पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून बाही लांब ठेवा.

फ्लायव्हील शेजारच्या लेथवर हलकंसं साफ करून आणलं. आपल्या गावाचं हे सुख आहे, कास्टिंगपासून मशीनिंगपर्यंत सगळं एका रस्त्यावर मिळतं. टायमिंग बेल्ट खुणेवर बसवून, स्टार्टर न लावता क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला आणि खुणा पुन्हा जुळतात का बघितलं. जुळल्या. व्हॉल्व्हच्या फटी टेबलावरच, थंड इंजिनात, फीलर गेजने मोजून घेतल्या. उजेडात आणि उभ्याने.

जोडल्यावर लगेच चालू केलं नाही. कॉइलची वायर काढून ठेवली आणि स्टार्टर थोडा थोडा फिरवला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. नव्या सीलांना आणि बेअरिंगांना कोरडं चालवायचं नाही म्हणून. मग वायर लावली. तिसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. पहिली दहा मिनिटं बराच धूर झाला, बाहेर सांडलेलं ऑइल जळत होतं. मग थांबला. जुनं ऑइल मी कॅनमध्ये भरून, ते अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडे दिलं. गावी अजून लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते फासतात, पण वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं आणि विहिरीजवळ तर ते मुळीच नको.

बिल झालं १६,४०० रुपये, त्यात क्लचचाच वाटा मोठा. गणपतीच्या चार दिवस आधी गाडी घरी आली. आता घाटात गिअर टाकला की गाडी निघते, आणि मुलगी तक्रार करते की गाडीत भजीचा वास येत नाही.

मी रोज रात्री गाडीखाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा सरकवतो आणि सकाळी बघतो. नऊशे किलोमीटर झाले, इंजिनाखालचा पुठ्ठा कोरडा आहे. मागे, जिथे दांडा गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे मात्र परवा रुपयाएवढा डाग दिसला. बोटाला लावून वास घेतला, तर गंधकासारखा उग्र. म्हणजे हे गिअर ऑइल, इंजिनाचं नाही. मागचं सील. दांडा सोडला की अर्ध्या तासाचं काम आहे. मिस्त्रींना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "या की रविवारी. दांडा सोडूलालोच आहे तर त्याचे क्रॉस पण बघूया." बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी खडू आहे का विचारलं.